झिजलेल्या नाण्यांचा वाचक : दामोदर धर्मानंद कोसंबी

नाणी जमविण्याचा छंद आपल्याकडे नवा नाही. आपल्याच महाविद्यालयात पाचसहाजण तरी असे निघतील की ज्यांच्या दप्तरात एखादी प्लॅस्टिकची डबी असते आणि मधल्या सुट्टीत ती उघडली की भोवती घोळका जमतो. यात्रेच्या दिवसांत देवळाबाहेर पथारी टाकून बसणारे विक्रेतेही आपण पाहतो. त्यांच्याकडे सर्वांत जास्त भाव कशाला, तर चुकलेल्या नाण्याला. छाप एका बाजूला सरकलेला, अक्षरे दोनदा उमटलेली, किंवा एका बाजूचे चित्र दुसऱ्या बाजूवर उलटे व खोलगट पडलेले. (हे शेवटचे कसे होते ते मजेदार आहे. आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचाच छाप बसतो.) साध्या, गुळगुळीत झालेल्या नाण्याकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. ते रद्दीच्या डब्यात जाते.

मला ज्या माणसाविषयी लिहावयाचे आहे त्याने नेमका हा रद्दीचा डबा उचलला. पण तो कशासाठी, हे समजण्यापूर्वी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. नाण्याच्या बाबतीत झीज दोन ठिकाणी होते. एक ठशाची आणि दुसरी नाण्याची. ठशाची झीज म्हणजे काय, हे आपल्या भागातील प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या कोणाही कामगाराला सांगावे लागणार नाही. डाय नवी असते तेव्हा माल कडक निघतो. हजारो ठोके बसले की तिच्या कडा गोल होतात, मालाला बर येतो आणि तपासणीवाला माल परत पाठवतो. टांकसाळीतही तेच. ठसा झिजला की अक्षरे बोथट उमटतात. ठशाला तडा गेला तर त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक उंच रेघ येते. ही रेघ एकाच नाण्यावर नसते. त्या ठशातून नंतर पडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती असते. म्हणून रेघ उंच असेल तर दोष टांकसाळीतला, खोल ओरखडा असेल तर तो बहुधा बाहेर कोणीतरी केलेला. फसवणूक टाळण्यासाठी एवढी एक खूण पुष्कळांना पुरते.

नाण्याची स्वतःची झीज वेगळी. ती टांकसाळीतून बाहेर पडल्यावर सुरू होते. खिशात, गल्ल्यात, थैलीत, हातांतून हातांत. आधी उंच भाग झिजतात, मग कडा, मग अक्षरे. ह्या दुसऱ्या झिजेवर आयुष्याची अनेक वर्षे घालवणारा माणूस म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. व्यवसायाने ते गणिताचे प्राध्यापक होते, हे ऐकून मला प्रथम आश्चर्यच वाटले.

दामोदर कोसंबी ह्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे थोर पंडित. ह्या वडिलांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. त्यांच्या लहानपणी गावात धड शाळाही नव्हती. पुढे बुद्धाविषयी काहीतरी वाचनात आले आणि त्याचा शोध घ्यावयाचा म्हणून १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ आणि शेवटी सिंहलद्वीप अशी त्यांची वाटचाल झाली. ज्याला धड शालेय शिक्षण लाभले नाही तोच पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागला आणि हार्वर्ड विद्यापीठाने ग्रंथसंपादनासाठी त्याला अमेरिकेत बोलावले. माझ्यासारख्या, घरातून पहिल्यानेच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलाला मुलाइतकेच हे वडीलही जवळचे वाटतात.

१९१८ साली धर्मानंद दुसऱ्यांदा अमेरिकेला गेले तेव्हा त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर नेले. शालेय शिक्षण तिकडेच झाले. मध्ये काही काळ तो हिंदुस्थानात परत आला, पुन्हा गेला आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी फार मोठ्या सन्मानाने घेऊन परतला. काशीच्या हिंदू विद्यापीठात त्याने गणित शिकवले, नंतर अलीगढला. तेथे आंद्रे वेय हे फ्रेंच गणिती विभागप्रमुख होते. त्यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी १९३१ साली एका काल्पनिक बूर्बाकी नावाच्या गणितज्ञाच्या प्रमेयावर गंभीर चेहऱ्याने एक निबंध छापून टाकला. पुढे फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका गटाने हेच टोपणनाव घेऊन जगभर कीर्ती मिळवली. विद्वान माणसे खोड्या काढतात हे वाचून बरे वाटते!

त्यानंतर ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या परिसरात घर केले आणि अखेरपर्यंत पुणेकरच राहिले.

ह्या काळात त्यांना संख्याशास्त्र शिकावेसे वाटले. शिकवणारे कोणी नव्हते. तेव्हा पुस्तक वाचून सोडवायच्या उदाहरणांपेक्षा प्रत्यक्षातले एखादे उदाहरण घ्यावे, असे त्यांनी ठरवले. पहिले उदाहरण त्यांनी घेतले ते महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेतील गुणांचे! त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की परीक्षेची पातळी आणि वर्गातील शिकवण्याची पातळी ह्यांचा एकमेकींशी मेळच नाही. हा निष्कर्ष कोणत्याही महाविद्यालयाला रुचण्यासारखा नव्हता, हे वेगळे सांगावयास नको. (आमच्या प्राध्यापकांनी हे वाक्य मनावर घेऊ नये.) मग त्यांनी दुसरे उदाहरण शोधले, आणि ते म्हणजे जुनी नाणी.

आपल्या देशातील सर्वांत जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या पट्टीचे तुकडे कापावयाचे, वजन जुळावे म्हणून गरज पडल्यास कोपरा छाटावयाचा आणि मग एकेक खूण ठोकावयाची. एका बाजूस सामान्यतः पाच खुणा असतात. सूर्य, सहा आऱ्यांचे चक्र, हत्ती, बैल अशा. अक्षर एकही नाही. राजाचे नाव नाही, वर्ष नाही, टांकसाळीचे गाव नाही. वजन बत्तीस रतींच्या आसपास, म्हणजे आजच्या मापाने साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर. छाप सरकलेला असणे, अर्धी खूण नाण्याबाहेर जाणे हे येथे अपवाद नसून नेहमीचेच आहे. कारण हाताने ठोकलेल्या नाण्यात चूक आणि नियम ह्यांच्यात फारसा फरक नसतो. पेशवाईतसुद्धा हीच स्थिती होती. त्या काळी आपल्या चिंचवडला टांकसाळ होती आणि तेथील रुपयेही मोगल बादशहाच्या नावानेच पडत. त्या काळच्या रुपयांचा ठसा चकतीहून मोठा असे, त्यामुळे प्रत्येक रुपयावर मजकुराचा थोडा थोडा भागच येई. संग्राहक आज अशी नाणी शेजारी शेजारी ठेवून पूर्ण मजकूर जुळवतात.

तर अशा मुक्या नाण्यांचे हंडे तक्षशिलेच्या उत्खननात सापडले होते. त्यांतील एका हजारांहून अधिक नाण्यांच्या साठ्यात अलेक्झांडरची व त्याच्यानंतरच्या फिलिपची जवळजवळ कोरी नाणी निघाली. त्यामुळे हा साठा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस जमिनीत गेला असावा एवढे कळत होते. पण आहत नाण्यांपैकी आधीची कोणती, नंतरची कोणती? विद्वान मंडळी खुणांचे अर्थ लावीत बसली होती. हा डोंगर मेरू की चैत्य, हे चक्र सूर्याचे की विष्णूचे! कोसंबींनी अर्थ लावण्याचे काम बाजूला ठेवले आणि तराजू पुढे ओढला.

त्यांचा विचार असा होता. एकटे नाणे काहीच सांगत नाही. एखादे वर्षानुवर्षे मडक्यात पडून राहते, तर दुसरे शंभर हातांतून जाते. पण एकाच वेळी पडलेल्या नाण्यांचा मोठा गट घेतला तर त्याचे सरासरी वजन काळाबरोबर ठरावीक गतीने कमी होत जाते. आणि त्याच वेळी गटातील नाण्यानाण्यांमधील फरक वाढत जातो. आपण कला शाखेचे विद्यार्थी गणिताचे नाव काढले की दाराकडे पाहतो, म्हणून एक साधे उदाहरण देतो. जून महिन्यात वसतिगृहातील शंभर मुलांनी एकाच दुकानातून एकसारख्या चपला घेतल्या असे समजा. पहिल्या दिवशी सगळे तळवे सारखे. मार्चमध्ये मोजले तर सरासरी जाडी कमी झालेली असेलच, पण रोज स्टेशनपासून चालत येणाऱ्याची चप्पल आणि खोलीत लोळत पडणाऱ्याची चप्पल ह्यांतील अंतरही वाढलेले असेल. कोणाच्याही एका चपलेवरून महिना सांगता येणार नाही. शंभर जोडांवरून येईल.

पण नियम सांगणे वेगळे आणि तो खरा आहे हे दाखवणे वेगळे. आहत नाण्यांवर वर्षच नसल्याने ती त्यासाठी उपयोगाची नव्हती. म्हणून कोसंबींनी आपल्याच काळातील, व्यवहारात चालू असलेली नाणी हजारोंनी घेतली. त्यांच्यावर वर्ष छापलेले असते, त्यामुळे ती किती काळ फिरली ते कळते. एकेक नाणे नाजूक तराजूत टाकून त्यांनी त्याचे अचूक वजन टिपले. हे काम किती कंटाळवाणे असेल ह्याची कल्पना करावी. आज यंत्रावर ठेवले की आकडा उमटतो. तेव्हा पारडी स्थिरावण्याची वाट पाहावी लागे. पण निकाल हाती आला. वर्षागणिक सरासरी उतरत होती आणि फरक वाढत होता. हा निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला. त्या आधीच, १९४१ साली, तक्षशिलेच्या नाण्यांवरील त्यांचा मोठा निबंध आला होता.

कुतूहल म्हणून मीही एक प्रयोग केला. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला एक राणीछाप रुपया मांडतात. तो आजीच्या आजीपासून आहे म्हणतात. जुना रुपया टांकसाळीतून निघताना १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा असे. सोनाराकडे तोलला तर तो ११.३० भरला. राणीचे नाक आणि गाल सपाट झाले आहेत. तिसरा हिस्सा ग्रॅमहून जास्त चांदी कोणाकोणाच्या बोटांना लागून गेली कोणास ठाऊक. अर्थात कोसंबींच्या हिशेबात माझ्या ह्या एकट्या रुपयाला काही किंमत नाही, हेही मला आता समजते.

आता मुख्य गोष्ट. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूस लहान लहान खुणा असतात. कोणावर एक, कोणावर पाच, कोणावर त्याहूनही जास्त, आणि कोणाची पाठ कोरी. संग्राहक त्यांना नाण्याचे सौंदर्य बिघडवणारे ओरखडे समजत. कोसंबींनी नाण्यांचे ह्या खुणांच्या संख्येप्रमाणे गट पाडले आणि वजने मांडली. खुणा जितक्या जास्त, तितके सरासरी वजन कमी! म्हणजे ह्या खुणा टांकसाळीत एकाच वेळी पडलेल्या नाहीत. नाणे फिरत असताना वेळोवेळी कोणीतरी ते तपासून त्यावर आपली खूण ठोकीत होते. हे तपासणारे म्हणजे व्यापाऱ्यांच्या श्रेणी असाव्यात असे त्यांचे मत पडले. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत अशा सराफांच्या हातांची हालचाल त्यांनी तराजूवर पकडली. ग्रंथांत जे नव्हते ते झिजेत होते. माझ्या मते त्यांच्या सर्व कामात हा शोध सर्वांत देखणा आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुढे जाऊन त्यांनी नाण्यांचे कोणते गट शिशुनागांचे, कोणते नंदांचे, कोणते मौर्यांचे असेही ठरवण्याचा प्रयत्न केला. तो सर्व नाणकशास्त्रज्ञांना मान्य झाला नाही. शिवाय वजनाची पद्धतही आंधळेपणाने वापरता येत नाही. जमिनीतील क्षारांनी खाल्लेली किंवा ॲसिडने घासून लखलखीत केलेली नाणी तराजूत टाकली तर तराजू खोटे बोलतो. म्हणून जुनी नाणी कधी घासू नयेत. हे आपल्या डबीवाल्या मित्रांनी अवश्य लक्षात ठेवावे. चिंच आणि रांगोळीने नाणे चकचकीत होते खरे, पण त्याचा जन्माचा दाखलाही धुऊन जातो.

नाणी तोलून झाल्यावर कोसंबी थांबू शकले नाहीत. ही नाणी पाडली कोणी, ह्या प्रश्नासाठी जुने ग्रंथ वाचावे लागले. ग्रंथांसाठी संस्कृत पक्के करावे लागले. संस्कृतसाठी भर्तृहरी हाती घेतला, तर त्याच्या पोथ्यांमध्ये इतके पाठभेद की शेकडो पोथ्या ताडून १९४८ साली त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीच काढली. पुढे वा. वि. गोखले ह्यांच्यासमवेत ‘सुभाषितरत्नकोश’ संपादित केला. तो १९५७ साली हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाला. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि आपल्याकडील इतिहासलेखनाची दिशा बदलली. राजांच्या यादीपेक्षा लोक पोट कसे भरीत, नांगर कोणता, धातू कोठून येई, माल कोणत्या वाटेने जाई हे त्यांना महत्त्वाचे वाटे. मार्क्सची विचारपद्धती त्यांनी स्वीकारली होती, पण पक्षाच्या पोथीनिष्ठांशीही त्यांचे जमले नाही. स्वभाव फटकळ होता, हे त्यांचे चाहतेही कबूल करतात.

ग्रंथांनी समाधान होईना तेव्हा ते पायी हिंडू लागले. पुण्याच्या टेकड्यांवर त्यांनी अश्मयुगातील बारीक गारगोटीची हत्यारे वेचली. कार्ल्याची लेणी, जुन्नर, नाणेघाट ह्या जुन्या व्यापारी वाटा धुंडाळल्या. म्हसोबा, तुकाई, बोल्हाई असल्या, पंडितांनी कधी दखल न घेतलेल्या देवस्थानांची त्यांनी बारकाईने पाहणी केली. वाकड-हिंजवडीच्या म्हातोबाची आणि तेथील बगाडाची नोंदही त्यांच्या लेखनात आहे. आज हिंजवडी म्हटले की काचेच्या इमारती आणि बसगाड्यांची रांग डोळ्यांपुढे येते. पण बगाड अजूनही निघते. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ ह्या ग्रंथात हे सर्व एकत्र आले.

हे सर्व चालू असताना त्यांची नोकरी मुंबईला होती! चाळीसच्या दशकाच्या मध्यास होमी भाभा ह्यांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून घेतले. पुणे त्यांनी सोडले नाही. दख्खनच्या राणीने ते पुण्याहून मुंबईला जा-ये करीत. आपल्या चिंचवड स्टेशनातून ती गाडी न थांबता धडाडत जात असे, आणि तिच्यातील एका खिडकीशी हा माणूस पुस्तक उघडून बसलेला असे, असे मला उगाचच डोळ्यांपुढे येते.

संस्थेतील अखेरची वर्षे सुखाची गेली नाहीत. जागतिक शांतता चळवळीत ते होते. अणुशक्तीवर पैसा ओतण्यापेक्षा आपल्या देशाने सूर्यशक्तीकडे वळावे असे ते जाहीरपणे सांगत, आणि तेही अणुशक्ती कार्यक्रमाच्या जनकाच्या हाताखाली काम करीत असताना. त्यातच १९५९ साली त्यांनी गणितातील रीमानचे सुप्रसिद्ध गृहीतक सिद्ध केल्याचा दावा शेतकी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला. तो चुकीचा निघाला. गणितज्ञांच्या वर्तुळात त्यांच्या नावाला त्यामुळे मोठा धक्का बसला. हजारो नाणी एकेक करून तोलणाऱ्या, दुसऱ्यांच्या घाईवर तुटून पडणाऱ्या माणसाने येथे स्वतः घाई का केली असेल, ह्याचे उत्तर मला सापडले नाही. १९४४ साली ह्याच माणसाने आनुवंशिकीत, जो त्याचा विषयही नव्हता, एक सूत्र दिले होते आणि जनुकांमधील अंतरे काढण्यासाठी ते आजही कोसंबींच्या नावाने वापरले जाते. तरी चर्चा झाली ती चुकीचीच.

१९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. वय पंचावन्न. दोन वर्षांनी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्मान्य शास्त्रज्ञ नेमले आणि ते पुण्यातच महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. फेब्रुवारी १९६६ मध्ये अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांचा लेख आला. विषय पुन्हा तोच, नाण्यांची झीज आणि तराजू. पंचवीस वर्षांनंतरही तो त्यांनी सोडला नव्हता.

त्याच वर्षी २९ जून रोजी पुण्यातील राहत्या घरी, झोपेतच, त्यांचे निधन झाले. एकोणसाठावे वर्ष पुरे व्हायला एक महिना उरला होता.